जर्दाळूचे झाड, चार कप आणि आमचा आबे फारिया

बेतीहून फेरीबोटीने पणजीला उतरले की चार पावलांवर जुने सचिवालय, आणि त्याच्या कुशीला आबे फारियाचा पुतळा. माझ्यासारख्या कारकुनाला तो आठवड्यातून पाच दिवस दोन वेळा दिसतो. इतका दिसतो की दिसेनासा होतो. मध्यंतरी एका सकाळी बाहेरगावच्या एका पर्यटकाने मला थांबवून विचारले, "भाईसाब, ये बाबा इस औरत को क्या कर रहा है?" मी म्हटले, हिप्नॉटिझम. तो म्हणाला, "मतलब उंगलियों से करंट छोड रहा है?" मला ऑफिसला उशीर होत होता, म्हणून मी "हो" म्हणून मोकळा झालो.

दिवसभर ते "हो" मला टोचत राहिले. कारण बोटांतून काहीही सुटत नाही, हे सांगण्यासाठीच तर या कांदोळीच्या पाद्रीने पॅरिसमध्ये लोकांची थट्टा सोसली. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेला हा पुतळा मोठा देखणा आहे, पसरलेले ते हात विसरता येत नाहीत. पण बघणाऱ्याचा समज नेमका उलटा होतो.

ही गोष्ट लिहायला घेण्यामागे आणखी एक घरगुती कारण आहे. माझ्या आईचे गुडघे दुखतात. गेल्याच्या गेल्या वर्षी पावसाळाभर तिला जिना चढवेना. आश्विनात आमच्या सेक्शनमधल्या एका सहकाऱ्याने चुंबकाचा पट्टा आणून दिला. बाराशे रुपये. आईने तो बांधला आणि पंधरा दिवसांत म्हणाली, "मातशें उणें जालां रे." दिवाळीला ती स्वतः पोहे कांडायच्या गोष्टी करू लागली. मला आनंद झाला. मग एका रविवारी पट्टा धुवायला काढला तेव्हा आतल्या दोन्ही चकत्या हाताला लागल्या, आणि कारकुनी सवयीने मी खिशातली टाचणी त्यांना लावून बघितली. टाचणी खाली पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. चुंबक म्हणून जे काही त्यात घातले होते, ते चुंबक नव्हतेच.

आईला सांगावे की सांगू नये? तो प्रश्न घेऊन मी पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात गेलो असे म्हटले तर ते नाटकी होईल. गेलो होतो फारियाबद्दल वाचायला. पण वाचता वाचता जे हाती आले, ते या टाचणीचेच दोनशे चाळीस वर्षांपूर्वीचे रूप होते.

तेव्हा वाचकहो, थोडा वेळ पॅरिसला चला.

१७७८ साली व्हिएन्नाहून फ्रान्झ मेस्मर नावाचा डॉक्टर पॅरिसला आला. त्याचे म्हणणे असे, की सगळ्या विश्वात एक सूक्ष्म द्रव भरून आहे. तो शरीरात नीट वाहिला नाही की माणूस आजारी पडतो, आणि जाणकार माणूस आपल्या हातांनी तो पुन्हा वाहता करू शकतो. याला तो प्राणिज चुंबकत्व म्हणे. ओकच्या लाकडाचे मोठे पिंप, त्यात बाटल्या आणि लोखंडाचा कीस, झाकणातून बाहेर आलेल्या लोखंडी सळया. रोगी त्या सळया दुखऱ्या भागाला लावून गोल बसत. बाजूला काचेच्या वाट्यांच्या हार्मोनिकावर मंद संगीत. मग कोणी खोकू लागे, कोणी हसू लागे, कोणाला झटके येत. झटके आले की उतार पडला असे समजत. सगळे पॅरिस त्याच्या दाराशी लोटले होते.

१७८४ च्या मार्चमध्ये सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. सरकारी समित्यांबद्दल माझे मत, नोकरीमुळे म्हणा, फारसे बरे नाही. पण या समितीपुढे मी टोपी काढतो. नऊ माणसे. अध्यक्षस्थानी अमेरिकेचे राजदूत बेंजामिन फ्रँकलिन, वय अठ्ठ्याहत्तर. गंमत अशी की मेस्मरकडे वाजणारी ती काचेची हार्मोनिका फ्रँकलिनच्याच कल्पनेतून निघाली होती. सोबत रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, खगोलशास्त्रज्ञ बायी, आणि डॉ. गिलोटिन. होय, तेच गिलोटिन, ज्यांच्या नावाच्या यंत्राखाली पुढे १७९३ साली बायी आणि १७९४ साली लाव्हाझिए यांचीच मुंडकी उडाली.

मेस्मरने चौकशीला सहकार्य नाकारले. त्याचा शिष्य डॉ. देस्लों मात्र प्रामाणिक होता, तो तयार झाला. समितीने आधी स्वतःवरच प्रयोग करून घेतले. आठवड्यातून एकदा जाऊन बसायचे. काही झाले नाही. मग त्यांनी विचारलेला प्रश्न फार मोलाचा आहे. रोगी बरे होतात का, असे त्यांनी विचारले नाही. कारण रोगी आपोआपही बरे होतात, ऋतू बदलल्यानेही होतात, आणि औषधाने झाले की निसर्गाने हे नुसते बघून कळत नाही. त्यांनी विचारले, हा द्रव आहे का? आणि असला तर, रोग्याला त्याची कल्पना नसताना तो काम करतो का?

फ्रँकलिनना प्रवास झेपत नसे, म्हणून पासी इथल्या त्यांच्या घरीच मंडळी जमली. बागेत जर्दाळूचे एक झाड होते. देस्लोंने ते चुंबकित केले. त्याच्या शास्त्राप्रमाणे आता त्या झाडाला जो संवेदनशील माणूस बिलगेल, त्याला झटका यायला हवा. असा एक बारा वर्षांचा मुलगा देस्लोंनेच निवडून आणला होता. मुलाचे डोळे बांधले आणि त्याला एकामागून एक चार झाडांपाशी नेले. ही चारही झाडे साधी, न मंतरलेली. प्रत्येकाला दोन दोन मिनिटे मिठी मारायची.

पहिल्या झाडापाशी मुलाला घाम फुटला, खोकला आला, डोके दुखू लागले. खरे झाड तिथून सत्तावीस फुटांवर होते. दुसऱ्यापाशी त्याला गुंगी आली. अंतर छत्तीस फूट. तिसऱ्यापाशी त्रास वाढला आणि तो म्हणाला, आता मी त्या झाडाच्या जवळ येतोय असे वाटते. अंतर अडतीस फूट, म्हणजे सर्वांत लांब. चौथ्या झाडाखाली तो बेशुद्ध पडला, हातपाय ताठ झाले. देस्लोंने त्याला उचलून गवतावर नेले आणि शुद्धीवर आणले. जर्दाळूच्या झाडापर्यंत तो पोहोचलाच नाही.

देस्लोंने खुलासा केला, की सगळ्याच झाडांत मुळात थोडे चुंबकत्व असते. समितीचे उत्तर सरळ होते. मग संवेदनशील माणसाने कुठल्याही बागेत फिरायला जायची सोय नाही.

त्या मुलाचे नाव अहवालात येत नाही. आज असा प्रयोग करायचा तर नीतिविषयक समितीची परवानगी लागेल, आईबापांची सही लागेल. तेव्हा कोणी विचारले नाही. मला तो मुलगा ढोंगी वाटत नाही. त्याला घाम खरा आला होता, तो पडला तेही खरे.

पुढचा प्रयोग लाव्हाझिएच्या घरी. एका बाईला एकेक करून चिनी मातीचे कप दिले, त्यांत चुंबकित केलेला एकच. साध्या कपांनीच तिला त्रास सुरू झाला आणि चौथ्या कपाला तिला पूर्ण झटका आला. सावध झाल्यावर तिने पाणी मागितले. पाणी दिले ते नेमके चुंबकित कपातून. ती शांतपणे प्याली आणि बरे वाटले म्हणाली.

आणि आता जो प्रयोग, तो मला सर्वांत आवडतो. शिवणकाम करणाऱ्या एका तरुण मुलीला कामाच्या निमित्ताने एका घरी बोलावले. दोन खोल्यांमधल्या दाराची फळी काढून चौकटीवर कागद चिकटवला होता. ती एका खोलीत गप्पा मारत बसली, आणि कागदापलीकडून अर्धा तास तिच्यावर चुंबकत्व सोडले गेले. तिला पत्ता नाही. प्रकृती कशी आहे विचारले तर म्हणाली, उत्तम. मग मंत्र टाकणारा समोर येऊन बसला आणि उघडपणे हात फिरवू लागला. तीन मिनिटांत मुलगी अस्वस्थ, थोड्याच वेळात झटके.

बी.ए.ला मानसशास्त्राचा एक पेपर मला होता. स्वतंत्र परिवर्त्य, परतंत्र परिवर्त्य, नियंत्रित गट, प्रायोगिक गट असे शब्द घोकून मी चाळीसच्या पुढे मार्क मिळवले आणि परीक्षेनंतर ते मांडवीत सोडले. ते शब्द कशासाठी आहेत हे या कागदी दारापाशी कळले. ज्याचा परिणाम आपल्याला तपासायचा आहे ती गोष्ट आपण स्वतः बदलायची, ते झाले स्वतंत्र परिवर्त्य. त्यामुळे काय होते ते मोजायचे, ते परतंत्र. बाकी सगळे जिथल्या तिथे ठेवायचे. अडचण अशी की एरवीच्या आयुष्यात दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून येतात. वैद्य येतो तेव्हा औषध येते आणि विश्वासही येतो. दोन्हींपैकी कोणी काम केले कसे ओळखणार? पासीच्या बागेत विश्वास दिला आणि द्रव काढून घेतला. कागदी दाराआड द्रव दिला आणि विश्वास काढून घेतला. जोडी फोडली. सगळ्या प्रायोगिक पद्धतीचे बीज एवढेच आहे, बाकी पुढचा दीडशे वर्षांचा बारकावा.

११ ऑगस्ट १७८४ ला समितीने अहवालावर सह्या केल्या. कल्पनाशक्ती असली तर चुंबकत्वाशिवायही झटके येतात, आणि कल्पनाशक्ती नसली तर चुंबकत्वाने काहीच होत नाही, हा त्याचा सारांश. थोडक्यात, द्रव नाही, जे आहे ती कल्पना.

आणि इथे समितीने फाईल बंद केली. आमच्या भाषेत, "पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही". कल्पना म्हणजे काहीच नाही, असा त्यांचा भाव. अहो, पण एक बारा वर्षांचा मुलगा नुसत्या कल्पनेने बेशुद्ध पडतो, हे काहीच नाही? एवढ्या हुशार नऊ माणसांपैकी कोणालाही ते अधिक खणून बघावेसे वाटले नाही, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

ते खणले आमच्या माणसाने. जुझे कुस्तोदियु द फारिया. जन्म १७५६, कांदोळी, बारदेश. बाप कायतान व्हितोरिनु कोलवाळचा. आईबाप परस्परसंमतीने वेगळे झाले, बाप पाद्री झाला आणि आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिकाच्या मठात गेली. १७७१ मध्ये बाप-लेक लिस्बनला निघाले, पुढे मुलगा रोमला शिकला आणि १७८० मध्ये पाद्री झाला. राणीसमोर प्रवचनाला उभा राहिल्यावर त्याची बोबडी वळली आणि बापाने खालून हळूच कोंकणीत "ही सगळी भाजी, कातर रे भाजी" म्हटले, ही दंतकथा प्रत्येक गोंयकाराला पाठ आहे. समोर बसलेले सगळे पालापाचोळाच समज, काप! आणि जुझेची वाचा फुटली. एका वाक्याने माणसाचे शरीर बदलते, हा धडा त्याला तिथेच मिळाला असे आपण मोठ्या हौसेने सांगतो. खरे असेल. बापाने काही म्हटले नसते तरी दोन मिनिटांनी त्याला आवाज सापडला असता, असेही असेल. तुलनेला दुसरा जुझे नाही.

१७८७ च्या पिंटोंच्या कटात बापाचे नाव गोवले गेले आणि १७८८ मध्ये जुझे पॅरिसला पोहोचला. राज्यक्रांतीत तो उतरला, पुढे दक्षिण फ्रान्समध्ये तत्त्वज्ञान शिकवले, ते सगळे इथे सोडून देतो. १८१३ मध्ये पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर त्याने आपले जाहीर वर्ग सुरू केले. एव्हाना प्युसेग्युर नावाच्या सरदाराने मेस्मरच्या झटक्यांऐवजी एक शांत निद्रा शोधून काढली होती, पण ती आणणारा द्रव त्याच्या शिकवणीतही शाबूत होता.

फारियाने द्रवच नाकारला. पिंप नाही, सळया नाहीत. माणसाला आरामशीर खुर्चीत बसवायचे, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचे, आणि मग ठाम आवाजात एकच शब्द, "दॉर्मे!" म्हणजे झोप. काहींच्या बाबतीत तो उघडा तळवा दाखवत हळूहळू जवळ जाई. पुतळ्यातले हात अगदीच निराधार नाहीत. पण तो श्रोत्यांना स्वतःच सांगे, की माझ्यात कसलीही शक्ती नाही, जे घडते ते झोपणाऱ्याच्या आत घडते, त्याच्या इच्छेशिवाय मी काही करू शकत नाही. आपल्याकडचा कोणी बुवा असे सांगेल? पाण्याची चव बदललेली भासवणे, हात हलेनासा करणे, जागे झाल्यावरही सूचना पाळायला लावणे, हे सगळे तो सूचनेने करून दाखवी. पुढे नान्सीच्या बर्नहाइमने या विचाराचे पहिलेपण फारियाला दिले, ते योग्यच होते.

इतपत आपण दरवर्षी त्याच्या जयंतीच्या सुमारास वाचतो. "शास्त्रीय संमोहनाचा जनक" हा शब्दप्रयोगही वाचतो. यातल्या "शास्त्रीय" या शब्दापाशी मी अडखळलो, आणि गोंयकार असूनही ते लिहिणे भाग आहे.

फारियाने हजारो माणसांना झोपवले. पण सगळे झोपत नाहीत हेही त्याच्या लक्षात आले. मग कोण झोपतो? त्याने उत्तर काढले, की ज्यांचे रक्त पातळ ते. १८१९ साली आलेल्या त्याच्या ग्रंथात तो असेही म्हणतो, की ज्याला आधी झोप येत नव्हती त्याच्या शरीरातून थोडे रक्त काढले तर चोवीस तासांत तो झोपण्याजोगा होतो. म्हणजे चौथ्या झाडाखाली पडलेला मुलगा पुन्हा आला! रक्त काढून घेतलेल्या माणसाला ठाऊक आहे की आपले रक्त कशासाठी काढले. तो अशक्त झाला आहे, थोडा भ्यालेला आहे, आणि उद्या आपण झोपणार ही सूचना त्याला चोवीस तास आधीच मिळाली आहे. ज्याने सूचनेची ताकद जगाला सांगितली, त्याला स्वतःच्या प्रयोगातली सूचना दिसली नाही.

याची परीक्षा घेता आली असती का? आली असती, आणि पैसाही लागला नसता. ज्यांना झोप येत नाही अशी चाळीस माणसे घ्यायची. सरकारी गाळे वाटताना करतो तशा चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडायचे. "हा जरा पातळ रक्ताचा दिसतो, याला इकडे घ्या" असे फारियाने स्वतः ठरवायचे नाही. चिठ्ठीला माणसाचा चेहरा दिसत नाही, म्हणून वय, स्वभाव, रक्त, भोळेपणा, जे आपल्या लक्षातही आलेले नाही तेसुद्धा दोन्हीकडे साधारण सारखे वाटले जाते. मग सर्वांचे डोळे बांधायचे. एका गटाचे रक्त काढायचे, दुसऱ्याला नुसते टोचून वाटीत कोमट पाणी ठिबकवायचे. दुसऱ्या दिवशी "दॉर्मे" म्हणणाऱ्याला कोण कुठल्या गटातला हे कळू द्यायचे नाही. खात्याच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकून नंबर घालतात, तेच. मग मोजायचे, इकडचे किती झोपले आणि तिकडचे किती. दोन्ही आकडे सारखे आले की रक्ताचा सिद्धांत संपला. फारियाकडे खुर्ची होती, माणसे होती, वेळ होता. चिठ्ठी तेवढी नव्हती. खरे म्हणजे तेव्हा या कामासाठी ती कोणाकडेच नव्हती. डोळ्यांवरची पट्टी मात्र त्याच शहरात एकोणतीस वर्षांपूर्वी वापरून झाली होती.

आणि त्याची किंमत त्याने मोजली. सांगतात, की एका नटाने त्याच्या वर्गात झोपेचे सोंग घेतले आणि ऐन वेळी डोळे उघडून त्याची फजिती केली. १८१६ मध्ये त्याच्यावर एक प्रहसनच रंगभूमीवर आले आणि पॅरिस हसले. फारियाकडे उत्तर नव्हते, कारण सोंग आणि झोप वेगळी ओळखायची कसोटीच त्याने तयार केली नव्हती. ग्रंथाचा पहिलाच खंड निघाला आणि सप्टेंबर १८१९ मध्ये तो वारला. सोंगाचा हा प्रश्न सुटायला १९५९ साल उजाडले. मार्टिन ऑर्न या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने संमोहन न होणारी माणसे मुद्दाम निवडली, त्यांना सोंग घ्यायला सांगितले, आणि खरी व सोंगाडी माणसे संमोहन करणाऱ्याकडे कोण कोणते न सांगता पाठवली. दोघे सारखेच वागले तर ते वागणे संमोहनाचा पुरावा होऊ शकत नाही. फारियाची अब्रू घेणारा नट ऑर्नने प्रयोगात पगारावर ठेवला म्हणा ना.

मधल्या काळात काय झाले ते थोडक्यात. १८७९ मध्ये लाइपझिगला वुंटने मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. १८८४ मध्ये अमेरिकेत पर्स आणि जॅस्ट्रो यांनी वजनातला बारीक फरक हाताला कळतो का हे तपासताना, वजन आधी वाढवायचे की कमी करायचे, ते पत्ते पिसून ठरवले. निवड माणसाच्या हातून काढून नशिबाच्या हाती देण्याचे हे फार जुने उदाहरण. आणि १९३५ मध्ये इंग्लंडच्या रोनाल्ड फिशरने पुस्तकात एक प्रयोग मांडला, जो वाचताना मला लाव्हाझिएच्या घरचे कप आठवले. एक बाई म्हणते, कपात दूध आधी घातले की चहा, हे मी चवीने ओळखते. फिशर म्हणतो, आठ कप करा, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, क्रम नशिबावर सोडा. आठांतून चार निवडण्याचे सत्तर प्रकार होतात. तेव्हा नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. लाव्हाझिएकडे कप होते, हा सत्तरचा हिशेब नव्हता.

प्रयोग करणाऱ्याची स्वतःची अपेक्षा कशी झिरपते, त्याचे उदाहरण १९६३ चे. रोझेंथाल आणि फोड यांनी बारा विद्यार्थ्यांना साधेच उंदीर दिले. निम्म्यांना सांगितले, तुमचे उंदीर हुशार वाणाचे आहेत, निम्म्यांना सांगितले, मठ्ठ. "हुशार" उंदीर खरोखरच जास्त शिकले. उंदरांना कोणी काही सांगितले नव्हते.

एक प्रकरण मात्र घाईने सोडवत नाही. फारियावर १९२५ साली पोर्तुगालमध्ये एक महत्त्वाचे पुस्तक निघाले. लेखक एगास मोनिझ, लिस्बनचे नामवंत मेंदूतज्ज्ञ. सूचनेने माणसाचे काय काय होते, हे त्यांना चांगले ठाऊक होते. याच मोनिझनी १९३५ मध्ये मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढल्या भागातले तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. पहिल्या वीस रुग्णांचा निष्कर्ष असा, की सात बरे झाले, सात सुधारले, सहा होते तसेच राहिले. तुलनेला शस्त्रक्रिया न केलेले वीस रुग्ण नव्हते. पाठपुरावाही थोड्या दिवसांचा. सुधारला की नाही हे ठरवणार कोण, तर ज्यांनी शस्त्रक्रिया केली तेच. १९४९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ही शस्त्रक्रिया जगभर हजारो माणसांवर झाली, कित्येक जन्माचे अधू झाले, आणि नंतर ती सोडून द्यावी लागली. फारियाच्या वर्गात फार तर एखाद्याची दुपार फुकट जात होती. इथे छेदलेले पुन्हा जोडता येत नव्हते.

हे सगळे वाचून मी आईच्या पट्ट्याकडे परत आलो. टाचणी पडली म्हणून पट्टा थोतांड, आणि आईला वाटणारा उतार म्हणजे कल्पना, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. आता तेही पक्के राहिले नाही. पट्टा आला आश्विनात, पाऊस सरल्यावर. तिचे गुडघे दरवर्षीच आषाढ-श्रावणात जास्त दुखतात आणि दिवाळीला हलके होतात. म्हणजे चुंबक नाही, कदाचित कल्पनाही नाही, नुसते कोरडे हवामान. शिवाय दुखणे अगदी असह्य झाले तेव्हाच आपण पट्टा आणतो, आणि असह्यानंतर दुखणे बहुधा खालीच येते. शिवाय पट्ट्याने गुडघ्याला ऊब आणि आधार मिळतो, तोही आहेच. एका माणसाच्या एका गुडघ्यावरून यातले काय खरे, ते मी कसा सांगणार? माझी टाचणी चुंबकाबद्दल बोलली, आईच्या गुडघ्याबद्दल तिने काहीच सांगितले नाही.

यंदा ज्येष्ठात दुखणे पुन्हा वाढले. आई म्हणाली, "पट्ट्याची शक्त सोंपली दिसता. नवो हाड."

मग मी बसून तिला सगळे सांगितले. टाचणीचेही. ती चिडली नाही, हसली. मी म्हटले, आपण असे करू. दोन पट्टे आणू, एक खऱ्या चुंबकाचा, एक नुसता, दिसायला सारखेच. दर पंधरा दिवसांनी सून चिठ्ठी काढून त्यातला एक तुला देईल, कुठला ते तुलाही सांगणार नाही आणि मलाही नाही. तू रोज रात्री कॅलेंडरवर दहापैकी किती दुखले तो आकडा लिही. पुढच्या वर्षीच्या पावसापर्यंत आपल्याला कळेल.

तिने सगळे नीट ऐकून घेतले. फ्रँकलिनच्या बागेतल्या त्या मुलाचे पुढे काय झाले, तेही मध्येच विचारले. मग म्हणाली, "आनी पट्ट्यांत कांयच ना म्हूण कळ्ळें जाल्यार मागीर हांवें कितें बांदचें?"

कॅलेंडर स्वयंपाकघरात लटकते आहे, त्यावर अजून एकही आकडा नाही. जुना पट्टा तिच्या गुडघ्याला आहे.